आधी गुडघ्यांचं विचारलं

आधी गुडघ्यांचं विचारलं तिनं.
"थंडीत दुखायचे हो त्याचे.
तेही नेणार का? ज्याला मिळतील त्याला उगीच त्रास."
मी म्हटलं, गुडघे कुणी मागितलेले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरची ही खोली.
चार खुर्च्या, एक सोफा, घड्याळ मुद्दामच नाही.
एकोणीस वर्षं मी इथे माणसांना
त्यांच्या सगळ्यात वाईट दिवशी
एक प्रश्न विचारते
आणि मग त्यांचे ऐकत बसते.

आमारो. वय एकेचाळीस.
गॅलिसियाच्या त्या पट्ट्यातला, ज्याला तिथली माणसं
मृत्यूचा किनारा म्हणतात.
कमरेला दोर बांधून, दोन लाटांच्या मधल्या फटीत
खडकावरचे पेर्सेबेस खरवडायचा,
बोटाएवढे कवचाचे जीव,
नाताळात ज्यांना सोन्याचा भाव येतो.
मंगळवारी एक लाट मोजायची राहिली.

भाऊ ब्राउलियो उभाच. बसत नाही.
"कार्ड होतं ना खिशात? म्हणून लवकर सोडलंत त्याला."
मी पिशवी दाखवली.
पाकीट ओल्या पँटमध्ये, पँट पिशवीत, पिशवीला गाठ.
तीन रात्री ज्या डॉक्टरांनी त्याला ओढून धरलं
त्यांनी ती सोडलेली नाही.
ते वेगळे, मी वेगळी. त्यांनी हात टेकल्यावरच
मला या मजल्यावर बोलावतात.
तो गाठीकडे बघत राहिला. त्याच्या भावानं मारली असती
तशी ती नव्हती. ढिली होती, नर्सची.

"पण छाती हलतेय," एउदोसिया म्हणाली.
"हात गरम आहे. मी आत्ता धरून आले."
पूर्वी यावर मी आलेख काढून दाखवायचे.
आता नाही दाखवत.
हवा मशीन भरतंय, म्हणते.
मशीन थांबवून पाहिलं आम्ही, घड्याळ लावून.
त्यानं स्वतःहून एकदाही श्वास मागितला नाही.
कोमातून माणसं परततात, खरंय तुमचं.
हा कोमा नाही.
आणि मग गप्प राहते. हे गप्प राहणं
शिकायला मला सात वर्षं लागली.

पेटीत चेहरा दिसेल का?
दिसेल. शर्ट तुम्ही आणा, त्याच्या आवडीचा. टाके आत राहतील.
पाद्रीबाबा काय म्हणतील?
फोन लावून दिला. ते झोपेतून उठले, रडले,
मग म्हणाले, अगं, द्यायचं ते द्यावं.
कुणी माद्रिदचा पैसेवाला पुढे घुसणार नाही ना?
यादीत रक्तगट आहे, वजन आहे, किती आजारी तेही आहे,
पैशाचा रकाना नाही.
"आणि माझं? मी अठ्ठ्याहत्तरची."
यकृताला जन्मतारीख वाचता येत नाही, मी म्हटलं,
आणि ती, देवाशपथ, हसली.
लगेच तोंडावर हात ठेवला, चोरी पकडल्यासारखा.

सही झाल्यावर दाराशी थांबली.
"हृदय ज्याला जाईल त्याला सांगा,
समुद्राकडे पाठ करू नकोस म्हणावं."
हृदयाला आठवण नसते, हे मला पाठ आहे.
नाव कळवत नाहीत, असले निरोप पोचत नाहीत, हेही.
तरी लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात, ते विचारू नका.

पहाटे घरी आले. शियान, माझा मुलगा,
दुधात बिस्किट बुडवत बसलेला. शाळेला अजून तास.
माझ्याही पाकिटात ते कार्ड आहे, एकोणीस वर्षं जुनं,
कोपरे झिजलेले.
रोज परक्यांना सांगते, कार्ड असो नसो
शेवटी घरच्यांनाच विचारतात, तेव्हा घरी बोलून ठेवा.
कोट न काढताच समोर बसले.
"तुला एक सांगायचंय. मी कधी गेले तर..."
"आई, पडलं," तो म्हणाला,
आणि चमच्यानं तळाशी शोधू लागला.
मी थांबले,
ते सापडेपर्यंत.